लिनक्सच्या पीसीला दोन-तीन मॉनिटर लावायचेत तर असं करा

माझं लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी ई-सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, उत्पन्नाचा दाखला, पोरांचे शाळा-कॉलेजचे फॉर्म, हेच रोजचं काम. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि आपल्याकडचे जुने असेंबल पीसी काही विंडोज ११ ला चालत नाहीत, म्हणून मी आधी माझ्या आणि मग ओळखीतल्या चार-पाच दुकानात लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी सिस्टिम, टाकून दिलं. पीसी मस्त पळायला लागले, पण मग एकच फोन सारखा यायला लागला, दादा दुसरा मॉनिटर लावलाय पण दिसंना झालंय. एकेकाला फोनवर सांगण्यापेक्षा एकदाच सगळं नीट लिहून काढतो.

दुसरा मॉनिटर काहून पाहिजे हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगायची गरज नाही पण तरी सांगतो. एका स्क्रीनवर सातबारा उघडायचा, गट नंबर बघायचा, ऑल्ट टॅब दाबायचं, फॉर्मवर यायचं, क्षेत्र टाकायचं, परत मागं जायचं, परत पासबुकचा स्कॅन उघडायचा, आणि ह्या जाण्यायेण्यात खाते नंबरातला एक आकडा इकडचा तिकडं होतो. आपल्यासाठी तो एक आकडा असतो पण त्या माणसाचे विम्याचे पैसे तेवढ्यावर अडकतात. जुलैत पीकविम्याची गर्दी असते तेव्हा तर रात्री अकरा-अकरापर्यंत बसावं लागतं आणि डोळे थकल्यावर हमखास चूक होते. दोन स्क्रीन असल्या की डावीकडं कागद, उजवीकडं फॉर्म, मान वळवली की झालं. आणि तिसरी स्क्रीन समोर बसलेल्या माणसाकडं तोंड करून ठेवली तर तो स्वतःच बघतो आपलं नाव बरोबर आलंय का. ह्या तिसऱ्या स्क्रीनबद्दल पुढं सविस्तर सांगतो कारण खरी गंमत तिथंच आहे.

आता पहिली गोष्ट, आणि हीच सगळ्यात मोठी. मॉनिटर दिसला नाही की लोक लगेच म्हणतात लिनक्सला चालत नाही. माझा अनुभव असा की बहुतेक वेळा घोळ केबल, पोर्ट नाहीतर कन्व्हर्टरमध्ये असतो, लिनक्सपर्यंत गोष्ट गेलेलीच नसते. म्हणून सेटिंग उघडायच्या आधी पीसीच्या मागं वाका आणि बॅटरी लावून नीट बघा.

मागं बघताना पोर्ट कुठं आहेत ते बघायचं. वरच्या बाजूला यूएसबी, लॅन, ऑडिओच्या शेजारी जे निळं व्हीजीए नाहीतर एचडीएमआय आहे ते मदरबोर्डचं. खाली आडव्या पट्टीत वेगळे पोर्ट असतील तर ते ग्राफिक्स कार्डचे. कार्ड असेल तर दोन्ही मॉनिटर कार्डालाच लावा. एक बोर्डाला आणि एक कार्डाला असं लावलं तर बऱ्याच बोर्डात बोर्डाचा पोर्ट मेलेलाच राहतो, कारण कार्ड दिसलं की बायोस, म्हणजे पीसी चालू होताना सगळ्यात आधी उठणारं बोर्डाचं सॉफ्टवेअर, आतलं ग्राफिक्स बंद करतं. ते चालू करायचं असेल तर बायोसमध्ये जाऊन इंटिग्रेटेड ग्राफिक्स किंवा आयजीपीयू मल्टी मॉनिटर असं काही असतं ते एनेबल करायचं, प्रत्येक कंपनीचं नाव थोडं वेगळं असतंय. आणि प्रोसेसर इंटेलचा असेल आणि त्याच्या नंबराच्या शेवटी एफ अक्षर असेल तर आत ग्राफिक्स नसतंच, मग बोर्डाचा पोर्ट कितीही खटपट केली तरी चालणार नाही, तिथं वेळ घालवू नका.

आपल्याकडं जे जुने पीसी सगळीकडं दिसतात, एच ६१ नाहीतर एच ८१ बोर्डाचे, त्यांच्यावर एका वेळी दोनच वेगळ्या स्क्रीन चालतात, एवढं डोक्यात ठेवा. तिसरी पाहिजे तर कार्ड टाकायचं नाहीतर स्प्लिटर, ते पुढं येतंय.

कन्व्हर्टरचं सांगतो कारण यात लोकांचे पैसे जातात. जुना एकोणीस इंची मॉनिटर असतो, त्याला फक्त व्हीजीए, आणि पीसीला उरलेला पोर्ट एचडीएमआय. मग दुकानात जाऊन एचडीएमआय-व्हीजीए द्या म्हणतो आणि दुकानदार हाताला येईल ते देतो. पण कन्व्हर्टरला दिशा असते. पीसीतून एचडीएमआय निघून मॉनिटरला व्हीजीए जायचं असेल तर एचडीएमआय टू व्हीजीए, त्याच्या आत चिप असते. उलटा असतो तो व्हीजीए टू एचडीएमआय, त्याला बहुतेक यूएसबीची शेपूट असते पॉवरसाठी. एकाचं काम दुसरा करत नाही. दुकानात सांगतानाच सांगा, पीसीला एचडीएमआय आणि मॉनिटरला व्हीजीए, म्हणजे गल्लत होत नाही.

डीव्हीआयचं अजून एक. डीव्हीआयच्या पोर्टात एका टोकाला एक आडवी चपटी खाच असते, तिच्या वर-खाली चार भोकं असली तर तो डीव्हीआय-आय, त्यातून व्हीजीए निघतं साध्या पिनने. ती चार भोकं नसली तर तो डीव्हीआय-डी, त्याला साधी पिन बसतच नाही, तिथं चिपवाला कन्व्हर्टर लागतो. पिना वाकवून-तोडून बसवलेली पण मी बघितलीय, तसं करू नका, पोर्ट जातो.

केबल लावताना पीसी आणि मॉनिटर दोन्ही बंद ठेवा. आपल्याकडं अर्थिंगची बोंब आहे, कॅबिनेटला हात लावला की चणचण लागते अशी दुकानं कमी नाहीत. अशा जागी मॉनिटर लाईटच्या एका बोर्डावर आणि पीसी दुसऱ्या बोर्डावर असेल आणि चालू असताना एचडीएमआय खुपसली तर पोर्ट उडू शकतो. सगळं एकाच तीन पिनच्या अर्थिंगवाल्या बोर्डावर घ्या. व्हीजीएचे दोन्ही स्क्रू घट्ट पिळा, ढिल्या व्हीजीएने स्क्रीन पिवळट नाहीतर गुलाबी दिसायला लागते आणि लोक मॉनिटर गेला म्हणून फेकायला निघतात.

यूपीएसचा पण विचार करा. साधा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट देतो. जुना पीसी आणि दोन एलईडी मॉनिटर त्यात आरामात बसतात, बावीस इंची मॉनिटर वीस-पंचवीस वॅट खातो. पण लाईट गेल्यावर टिकायचं असेल तर फक्त पीसी आणि आपल्या समोरचा मॉनिटर यूपीएसवर ठेवा, बाकीचे साध्या लाईनवर. लेसर प्रिंटर यूपीएसवर अजिबात नको.

आता पीसी चालू करा. मॉनिटर स्वतः कुठल्या इनपुटवर आहे ते त्याच्या बटनाने बघा, एचडीएमआयला केबल लावलीय आणि मॉनिटर व्हीजीएवर बसलाय असं लै वेळा असतं.

मिंटमध्ये मेनूत डिस्प्ले असं शोधा आणि उघडा. दोन्ही मॉनिटर चौकोन म्हणून दिसायला पाहिजेत, आणि प्रत्येक खऱ्या स्क्रीनच्या कोपऱ्यात त्याचं नाव येतं म्हणजे कुठला कोण ते कळतं. मग चौकोन माउसने ओढून टेबलावर जसे ठेवलेत तसे लावायचे. डावीकडचा डावीकडं. हे लोक करत नाहीत आणि मग म्हणतात माउस उजवीकडं नेला तर अडतो आणि डावीकडनं निघतो. अजून एक बारीक गोष्ट, दोन मॉनिटरची उंची वेगळी असेल, एक १९२० बाय १०८० आणि दुसरा १३६६ बाय ७६८, तर चौकोन पण लहानमोठे दिसतात आणि जिथं कड जुळत नाही तिथं माउस भिंतीला अडल्यासारखा थांबतो. टेबलावर दोन्हीच्या खालच्या कडा एका रेषेत असतील तर चौकोनांच्या पण खालच्या कडा जुळवा, मग हात आपोआप बरोबर जातो.

मग आपल्या समोरच्या मॉनिटरवर क्लिक करून त्याला प्रायमरी करा. प्रायमरी म्हणजे खालची पट्टी आणि मेनू जिथं येतो तो. अप्लाय दाबलं की काही सेकंदांची उलटी गिनती सुरू होते, सगळं बरोबर दिसलं तर ठेवा म्हणायचं. स्क्रीन काळी पडली तर घाबरून पीसी बंद करू नका, काही दाबू नका, गिनती संपली की आपोआप आधीसारखं होतं. ही सोय याचसाठी दिलेली आहे.

दुसऱ्या स्क्रीनवर पण पट्टी पाहिजे असेल तर मिंटच्या पट्टीवर राइट क्लिक करून पॅनेलच्या सेटिंगमध्ये नवीन पॅनेल जोडा असं आहे. उबुंटूत, म्हणजे लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारात, डॉकच्या, म्हणजे तिथल्या पट्टीच्या, सेटिंगमध्ये सगळ्या डिस्प्लेवर दाखवा असं निवडता येतं. आणि खिडकी ओढत बसण्यापेक्षा सुपर, म्हणजे विंडोजचं चिन्ह असलेलं बटन, त्याच्यासोबत शिफ्ट आणि बाण दाबा, चालू खिडकी सरळ दुसऱ्या मॉनिटरवर जाते. दिवसात शंभर वेळा लागतंय हे, एवढं एक पाठ करा.

दोन स्क्रीनवाल्यांचं काम बहुतेक इथंच संपतं. आता ज्यांचं अडतंय त्यांचं बघू.

दुसरा चौकोन येतच नसेल तर कंट्रोल ऑल्ट टी दाबून टर्मिनल, म्हणजे कमांडी टाइप करायची खिडकी, उघडा आणि छोट्या इंग्रजी अक्षरात, मध्ये जागा न सोडता, एक्स आर ए एन डी आर असं टाइप करून एंटर मारा. एक्सरॅण्डर म्हणतात त्याला. प्रत्येक पोर्टाचं नाव येतं आणि पुढं कनेक्टेड नाहीतर डिसकनेक्टेड. दुसरा पोर्ट डिसकनेक्टेड दाखवत असेल तर पीसीला मॉनिटर लागलेलाच कळत नाहीये, म्हणजे परत केबलकडं जा, केबल बदलून बघा, तीच केबल चालत्या मॉनिटरला लावून बघा. कनेक्टेड दाखवतंय पण स्क्रीन काळी, तर ते सेटिंगचं काम आहे, डिस्प्लेमध्ये जाऊन तो मॉनिटर चालू करा. ह्या एका कमांडने अर्धी शोधाशोध वाचते. आणि पोर्टाच्या नावाखाली रिझोल्युशनची, म्हणजे स्क्रीनवर आडवे-उभे किती ठिपके त्याची, यादी असते, जिथं तारा आहे ते आत्ता चालू, जिथं अधिकचं चिन्ह आहे ते मॉनिटरला आवडणारं.

त्या यादीत फक्त १०२४ बाय ७६८ पर्यंतच आकडे आहेत आणि मॉनिटर तर मोठा आहे, अक्षरं फताडी दिसायलीत, हे व्हीजीएवर नेहमीचं दुखणं. कारण असं की मॉनिटर स्वतःची माहिती, ईडीआयडी म्हणतात तिला, केबलमधल्या वेगळ्या तारांवरून पीसीला सांगत असतो. स्वस्त व्हीजीए केबलमध्ये नाहीतर स्वस्त स्प्लिटरमध्ये त्या तारा नसतात किंवा तुटलेल्या असतात, मग पीसीला काही कळत नाही आणि तो आपलं सुरक्षित म्हणून लहान रिझोल्युशन देतो. पहिला उपाय चांगली केबल. ती मिळेपर्यंत हाताने सांगता येतं. टर्मिनलमध्ये सी व्ही टी, जागा, १६००, जागा, ९००, जागा, ६० असं इंग्रजी आकड्यात लिहून एंटर मारा, मॉनिटर १६०० बाय ९०० चा आहे असं धरून. खाली मोडलाइन या शब्दाने सुरू होणारी लांब ओळ येते. तो शब्द सोडून पुढचं सगळं कॉपी करा. मग एक्सरॅण्डर लिहून जागा, दोन डॅश आणि त्याला चिकटून न्यूमोड, जागा, आणि कॉपी केलेलं चिकटवा. दुसरी कमांड तशीच पण न्यूमोडच्या जागी ॲडमोड, पुढं पोर्टाचं नाव जसं दिसलं तसंच, आणि त्याच्यापुढं त्या ओळीतलं अवतरण चिन्हातलं नाव. आता डिस्प्ले सेटिंग बंद करून परत उघडा, नवीन रिझोल्युशन यादीत आलेलं असतं. १३६६ बाय ७६८ च्या मॉनिटरला मात्र ही कमांड १३६८ करून देते कारण तिला आठने भाग जाणारी रुंदी लागते, चालून जातं, कडेला दोन ठिपक्यांचा फरक.

हे हाताने केलेलं रीस्टार्ट झालं की पुसलं जातं. म्हणून सगळ्या कमांडी एका फाइलीत ओळीने लिहून, फाइलीच्या प्रॉपर्टीजमध्ये प्रोग्राम म्हणून चालवायची परवानगी देऊन, मिंटच्या स्टार्टअप ॲप्लिकेशन्समध्ये ती फाइल जोडा आणि पाच सेकंदांचा उशीर द्या. फक्त एक लक्षात ठेवा, ड्रायव्हर, म्हणजे ग्राफिक्स चालवणारं सॉफ्टवेअर, बदलला की पोर्टांची नावं बदलतात, इंटेलवर एचडीएमआय-१ असतं तेच एनव्हीडियाच्या ड्रायव्हरवर एचडीएमआय-० होतं, मग जुनी फाइल चालत नाही.

ज्यांना कमांडीची भीती वाटते त्यांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून एआरॅण्डर टाका. चौकोन ओढायचे, रिझोल्युशन निवडायचं, आणि मेनूतून सेव्ह केलं की ती फाइल तो स्वतःच तयार करतो, तीच स्टार्टअपला जोडायची.

हे सगळं एक्स ११ वर, म्हणजे लिनक्सच्या स्क्रीनवर चित्र दाखवणाऱ्या जुन्या यंत्रणेवर, चालणाऱ्या डेस्कटॉपचं झालं, मिंट आजही तसंच येतं. उबुंटू टाकलं असेल तर ते वेलँड ह्या नव्या यंत्रणेवर असतंय, सेटिंगमधल्या अबाउटमध्ये विंडोइंग सिस्टिम म्हणून लिहिलेलं दिसतं. वेलँडवर एक्सरॅण्डरने काहीच बदलत नाही, तिथं सगळं डिस्प्लेच्या सेटिंगमधूनच करायचं. वाईट आहे असं नाही, उलट एक मॉनिटर फोरके आणि दुसरा साधा असेल तर दोघांना वेगवेगळं स्केलिंग, म्हणजे अक्षरं-चित्रं लहानमोठी करणं, वेलँडच नीट देतं. पण जुन्या व्हीजीए मॉनिटरशी झटापट करायची असेल तर मी मिंटच सांगेन. उबुंटू २४.०४ मध्ये लॉगिन करताना कोपऱ्यातल्या चाकावर क्लिक करून झॉर्ग, म्हणजे तेच एक्स ११, निवडता येतं, २५.१० पासून ती सोय काढलीय.

एनव्हीडियाचं कार्ड असेल तर मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये जाऊन रेकमेंडेड म्हणून लिहिलंय तोच टाका, वेबसाइटवरून फाइल उतरवून टाकू नका, पुढच्या अपडेटला मोडतं. बायोसमधलं सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीचंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय, चालू असेल तर टाकताना एक पासवर्ड विचारतो, तो कागदावर लिहून ठेवा, कारण रीस्टार्टला निळी स्क्रीन येते आणि तिथं एनरोल एमओके निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. ती स्क्रीन घाईत सोडून दिली तर ड्रायव्हर चालूच होत नाही आणि दुसरा मॉनिटर मेलेलाच राहतो.

आता तिसरी स्क्रीन, गिऱ्हाइकाची. मी दोन वर्षांपूर्वी एका मामांचा फॉर्म भरला, आधारवर नाव एक, सातबाऱ्यावर थोडं वेगळं, आणि खाते नंबरात मी एक आकडा चुकवला. कळलं कधी, तर गावात सगळ्यांचे पैसे आले आणि त्यांचे आले नाहीत तेव्हा. ते मला एक शब्द बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. त्यानंतर मी ठरवलं की सबमिट दाबायच्या आधी समोरच्या माणसाने स्वतः बघितलंच पाहिजे, वाचता येत नसेल तर सोबतच्या पोराने बघितलं पाहिजे.

पण सगळी स्क्रीन त्यांना दाखवायची नाही. माझ्या डावीकडच्या मॉनिटरवर दुसऱ्या लोकांचे आधार, पासबुकं उघडी असतात, ती परक्याला दिसणं बरोबर नाही. म्हणून फक्त उजवीकडचा, फॉर्मवाला मॉनिटर तेवढा तिसऱ्यावर जसाच्या तसा दिसला पाहिजे. आणि बोर्ड तर एच ६१ चा, दोनच आउटपुट. इथं एचडीएमआय स्प्लिटर कामाला येतो. व्हीजीएने डावीकडचा मॉनिटर, एचडीएमआय स्प्लिटरमध्ये, आणि स्प्लिटरमधून एक केबल उजवीकडच्या मॉनिटरला, दुसरी लांब केबल काउंटरवरच्या गिऱ्हाइकाच्या मॉनिटरला. लिनक्सला दोनच मॉनिटर दिसतात, सेटिंग काहीच करावं लागत नाही. घेताना स्प्लिटरच घ्या, स्विच नको, दिसायला सारखेच असतात. स्प्लिटर म्हणजे एक आत दोन बाहेर, स्विच म्हणजे दोन आत एक बाहेर. त्याला स्वतःचा ॲडॉप्टर लागणारा घ्या, बिनपॉवरवाले लांब केबलवर दगा देतात.

स्प्लिटरवरचे दोन्ही मॉनिटर वेगळ्या रिझोल्युशनचे असले तर एक चालतो आणि दुसरा आउट ऑफ रेंज म्हणतो. दोघांनाही चालेल असं एकच रिझोल्युशन द्या, १२८० बाय ७२० बहुतेक सगळे एचडीएमआय मॉनिटर आणि टीव्ही घेतात, आणि अक्षर मोठं दिसतं ते म्हाताऱ्या माणसांना उलट बरंच पडतं. जुना टीव्ही लावला असेल आणि कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्याच मेनूत पिक्चर साइज असतं, तिथं जस्ट स्कॅन नाहीतर स्क्रीन फिट करा.

ज्यांच्याकडं कार्ड आहे आणि तीन आउटपुट मोकळे आहेत त्यांना स्प्लिटरची गरज नाही. एक्सरॅण्डर, दोन डॅश आउटपुट, तिसऱ्या पोर्टाचं नाव, दोन डॅश सेम-ॲज, दुसऱ्या पोर्टाचं नाव, एवढ्या एका कमांडने तिसरा दुसऱ्याची नक्कल करतो आणि पहिला वेगळा राहतो. केडीई नावाच्या लिनक्सच्या दुसऱ्या डेस्कटॉपमध्ये हेच सेटिंगमधूनच होतं, तिथं रेप्लिका ऑफ असा पर्याय आहे.

एचडीएमआय लावल्यावर स्पीकरचा आवाज गेला असं वाटेल, तो मॉनिटरकडं गेलेला असतो, साउंडच्या सेटिंगमध्ये आउटपुट बदला. आणि गिऱ्हाइकाच्या स्क्रीनवर ओटीपीचे, मेलचे नोटिफिकेशन यायला नकोत, मिंटच्या नोटिफिकेशन सेटिंगमध्ये जाऊन ते बंद करून टाका. ब्राउजरमध्ये फॉर्म भरताना मागच्या माणसाची नावं-नंबर सुचवणीत खाली येतात, ते पण बंद करा, नाहीतर एकाचा मोबाईल नंबर दुसऱ्याला दिसतो.

आमच्याकडं आता पद्धतच झालीय, फॉर्म भरून झाला की मी माउसवरचा हात काढतो आणि म्हणतो, मामा, समोरच्या स्क्रीनवर बघा, नाव आणि खाते नंबर पासबुकाशी जुळवून घ्या. ते बोट ठेवून एकेक आकडा वाचतात, हो म्हणतात, मगच मी सबमिट दाबतो.